कोरडा हात, ओला हात

सासूबाईंनी वर्तमानपत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं, फोटोवर बोट टेकवलं आणि विचारलं, "हे तुमच्याकडे येणार का?"

फोटोत प्लायवुडची एक चौरस फळी होती. मधोमध लांबच लांब तडा गेलेला आणि कोपऱ्यात पुसट गोल शिक्का, त्यात चारचा आकडा. बातमी मी सकाळीच वाचली होती. नदी ओलांडणाऱ्या प्रवासी होडीचा तळ मध्येच फुटला होता. काठ जवळ होता म्हणून निभावलं. एकोणीस माणसं कमरेपर्यंत भिजली आणि एका शिक्षिकेचा हात मोडला. होडी बारा वर्षांची होती आणि तळाच्या फळ्या आमच्याच गावाबाहेरच्या, आता बंद पडलेल्या कारखान्यातल्या होत्या. त्या कारखान्यात माझ्या सासूबाईंनी तेवीस वर्षं काढली, आणि तेवीसच्या तेवीस वर्षं चार नंबरच्या टेबलावर, फळीचे थर एकावर एक रचत.

"येईलसं वाटतंय," मी म्हणाले. "आसपास दुसरी प्रयोगशाळा आहेच कुठं?"

"मग मला खरं काय ते सांगायचं. माझा हात चुकला होता का, एवढंच कळलं पाहिजे मला. गोड करून सांगायचं नाही."

"आई, जाऊ दे ना, बारा वर्षं झाली," माझा नवरा म्हणाला.

"तू जेव," त्या म्हणाल्या.

सासूबाईंविषयी आधीच सांगून ठेवते, नाहीतर त्या तुम्हाला करारी वगैरे वाटतील. करारी आहेतच, पण त्याहून जास्त त्या खोदून विचारणाऱ्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं की तू दिवसभर नेमकं काय करतेस, आणि मी "संगणकावर काम" असं मोघम सांगितल्यावर म्हणाल्या होत्या, "ते तर बँकेतला माणूसही करतो. तू काय करतेस?" उत्तर देता देता माझ्या नाकी नऊ आले. एक मात्र त्या कधीच विचारत नसत, ते म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल कोणाचं मत. तेवीस वर्षांत आपला एकही थर वाकडा पडला नाही, हे त्या हवामानाची बातमी सांगावी तितक्या सहज सांगत. त्या रात्री त्या नीट झोपल्या नाहीत हे मला त्यांच्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावरून कळलं. चालू, बंद, पुन्हा चालू.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एका लाँड्रीच्या वरचा मजला. चार माणसं, तीन खोल्या आणि पायऱ्यांवर कायम साबणाचा वास. न फोडता, न कापता आत काय आहे ते सांगायचं, हा आमचा धंदा. जहाजाचा रंग आतून सुटलाय का, भिंतीच्या गिलाव्यामागे ओल आहे का, असलं. चौकशी समितीची फळी तिसऱ्या दिवशी आली, सोबत एक पत्र घेऊन. फळी पुरावा आहे, तिला ओरखडासुद्धा उठता कामा नये. कडांना काळी राळ थापलेली होती आणि तडा गेलेली जागा पाण्यानं फुगून तिची नुसती लक्तरं झाली होती. म्हणजे डोळ्यांनी बघून थर ओळखायची सोय नाही.

मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, ही फळी माझ्या सासूबाईंच्या टेबलावरची आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. मला यातून बाहेर ठेवा."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "गणित दुसरं कोणाला येतं?"

"कोणालाच नाही."

"मग गणित तुम्ही करा. मोजणी आणि सही फूटपट्टीची. समितीला मी लिहून कळवतो, लपवाछपवी नको."

फूटपट्टी म्हणजे आमचा मोजणी करणारा. उंच, सरळ, आणि स्वभावानंही मिलिमीटरवर चालणारा. हे नाव त्याला मी दिलेलं नाही, पण वापरते सगळ्यात जास्त मीच.

आता मोजणी म्हणजे काय ते एकदाच सांगते. आमच्याकडे धातूचा एक कर्णा आहे, पसरट तोंडाचा. तो फळीसमोर धरला की त्यातून डोळ्याला न दिसणाऱ्या लाटा सुटतात, घरातल्या वायफायच्या चुलत बहिणीच म्हणा. फळीत जिथं एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथं लाटेचा थोडा भाग मागं फिरतो आणि बाकीचा पुढं जातो. पुढं गेलेला पुढच्या सीमेवर पुन्हा फुटतो. मागं आलेल्याला वाटेतली सीमा पुन्हा आत ढकलते. असं करत शेवटी कर्ण्यात परत येतो तो सगळ्यांचा मिळून एकच गलका. त्या गलक्यावरून आत कोण कोण होतं ते ओळखायचं.

थेट ओळखता येत नाही, तिथंच माझी भाकरी आहे. मी संगणकात एक खोटी फळी बनवते. इतके थर, इतकी जाडी, असलं लाकूड. तिच्यावर खोटी लाट सोडते, समीकरणं सोडवते आणि खोटा गलका खऱ्याशी ताडून बघते. नाही जुळला तर एखादा थर जरा जाड करते, जरा पातळ करते, आणि पुन्हा. दहा हजार वेळा. जुळला की लिहायचं, "आत असं असावं." हे "असावं" मी प्रत्येक अहवालात लिहिते आणि साहेब प्रत्येक अहवालातून खोडतात.

फळीवर वीस ठिकाणी कर्णा धरून फूटपट्टीनं आकडे आणून दिले. चांगल्या, धडधाकट सात थरांच्या फळीशी ते जुळेनात. मग मी खोट्या फळीत थरांच्या मध्ये हवेची एक बारीक फट घालून बघितली. पहिल्या आणि दुसऱ्या थराच्या मध्ये, कागदाएवढी. आणि काय सांगू, रेघ रेघेवर अशी बसली की खालची रेघ दिसेना! वीसही ठिकाणी तीच फट, तीच जाडी.

फट म्हणजे गोंद सुटलेला. गोंद लावणारं यंत्र वेगळ्या शेडमध्ये होतं आणि ते चालवणारे लोक वेगळे होते. चार नंबरच्या टेबलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मी फूटपट्टीला कच्चा अहवाल टाइप करायला सांगितला आणि जिने उड्या मारत उतरले. नियमानं मी घरी एक अक्षर बोलायला नको होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड आहे. सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. दारातूनच म्हणाले, "आई, गोंद सुटला होता. तुमच्या थरांचा काही दोष नाही."

त्यांचे हात थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि दोनदा मान हलवली. मला वाटलं, आज पंखा एकदाच लागेल.

मग त्यांनी डोळे उघडले. "वाजवून बघितलीस?"

"काय?"

"फळी. बोटानं टकटक करून. गोंद सुटला असेल तर पोकळ वाजते. आंधळ्यालाही कळतं."

"नाही वाजवली. आमच्याकडे त्याहून भारी यंत्र आहे."

"असेल. फट किती ठिकाणी सापडली?"

"वीसच्या वीस ठिकाणी. तंतोतंत सारखी." हे मी अभिमानानं सांगितलं, हे लाजत कबूल करते.

"सारखी?" त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "अगं, गोंद कधी सारखा सुटतो का? इथं सुटतो, तिथं धरून ठेवतो. कुठं तळहाताएवढा, कुठं अख्खा कोपरा. वीस ठिकाणी सारखी फट म्हणजे कोणी पट्टी लावून गोंद सोडवला की काय?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता आणि तो पडला नव्हता. जुळलेल्या रेघेपुढं माझी अक्कल नेहमी अशी हात जोडून उभी राहते.

"आणि एक सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या यंत्राला लाकूड उभं की आडवं, ते कोण सांगतं?"

"म्हणजे?"

त्यांनी कोपऱ्यातलं ते वर्तमानपत्र ओढलं. एक पान काढून वरून खाली फाडलं. सरळ रेघेत, कात्रीनं कापावं तसं फाटलं. मग दुसरं पान डावीकडून उजवीकडे फाडायला घेतलं. ते वेडंवाकडं, भलतीकडेच पळालं. "कागदसुद्धा लाकडाचाच ना? त्यातल्या धाग्यांना दिशा असते. लाकडाचं तेच. धाग्याच्या दिशेनं लगेच फाटतं, आडवं फाटत नाही. म्हणून तर प्लाय करायचा. एक पापुद्रा उभा, त्याच्यावर एक आडवा, पुन्हा उभा. सात पापुद्रे, मग कुठूनच फाटत नाही. हे तुझ्या यंत्राला माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. माझा प्रोग्रॅम सात वर्षांपूर्वी जहाजांच्या रंगासाठी लिहिलेला. रंगाला कसली आलीय दिशा? तो उभा लावा, आडवा लावा, लाटेला सारखाच. पुढं त्याच प्रोग्रॅमनं मी भिंती मोजल्या, राळेचे थर मोजले, आणि प्लायवुड आलं तेव्हा लाकूडही रंगासारखंच धरलं. सगळीकडून सारखं. ही चूक कोणताही सुतार करणार नाही. ती करायला माझ्यासारखं शिकावं लागतं.

"मग तुमच्या टेबलावर कसं चालायचं?" मी खाली बसत विचारलं.

सासूबाईंनी शेंगांचं ताट आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. "हे टेबल. मी अलीकडे, समोरची पलीकडे." समोरची म्हणजे त्यांची मैत्रीण. तेवीस वर्षं टेबलाच्या पलीकडे उभी राहिली म्हणून तिचं नावच ते पडलं. दोन गल्ल्या सोडून राहते. मी त्यांना समोरच्या मावशी म्हणते. "माझा कोरडा हात, तिचा ओला हात. उभे पापुद्रे कोरडे असायचे, ते मी ठेवायचे. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. आडवे पापुद्रे गोंदाच्या यंत्रातून ओले होऊन यायचे, ते ती ठेवायची. दुसरा, चौथा, सहावा. कोरड्यानं ओल्याला हात लावायचा नाही, ओल्यानं कोरड्याला नाही. डाग पडतात."

"आणि चुकून एखादा फिरला तर?"

"लांबट फळीत फिरूच शकत नाही, टोक बाहेर येतं. लगेच दिसतं. त्या होडीवाल्याची ऑर्डर चौरस होती. चौरसात मात्र काही बाहेर येत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सुटकेचा कागद हातात घेऊन आले होते आणि या बाईनं पाच मिनिटांत तो माझ्याकडूनच फाडून घेतला.

"आई, ते गोंदाचंच खरं असेल," मी म्हणाले.

"असेल तर असेल. पण बघून ये. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. गोंदाच्या शेडमध्ये चांगली माणसं होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी फळी वाजवली. फूटपट्टी बघत होता, त्यामुळे जरा चोरूनच वाजवली. टण् टण्, सगळीकडे भरीव.

"कर्णा आडवा धर," मी त्याला सांगितलं.

"का?"

"धरून तर बघ."

"कर्णा उभाच धरतात." त्यानं मुठीवर चिकटवलेला कागद दाखवला. ही बाजू वर. त्याच्याच सुंदर अक्षरात. "सात वर्षं मी असाच धरतोय."

"तेच तर! सात वर्षं आपण एकाच कुशीवर झोपलोय."

त्यानं नाइलाजानं कर्णा पाव फेरा वळवला, स्क्रू घट्ट केले, पातळी तपासली, पुन्हा तपासली, आणि मोजलं. पडद्यावर रेघ उमटली. कालच्या रेघेपेक्षा वेगळी. थोडीथोडकी नाही, चांगलीच वेगळी!

मी खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागले. फूटपट्टीला वाटलं, हिचं काहीतरी बिघडलं. पण गंमत बघा, हवेच्या फटीला दिशा नसते. मान तिरकी करून बघितली म्हणून फट काही बदलत नाही. जे वळवल्यावर बदलतं त्याला उभं-आडवं आहे. म्हणजे आत आहे ते लाकडाच्या धाग्याचं काहीतरी आहे, आणि माझी ती कागदाएवढी सुंदर फट जगात कुठंच नव्हती. इतकं चुकल्यावर वाईट वाटायला हवं. वाटलंही, पण ते नंतर. आधी मी प्रोग्रॅम उघडला, कारण आता मला खरोखर कळणार होतं.

तीन दिवस मी प्रोग्रॅमची चिरफाड केली. प्रत्येक थराला आता एकाऐवजी दोन स्वभाव दिले, धाग्याच्या दिशेनं एक आणि आडवा एक, आणि थर कोणत्या कोनात पडलाय त्याचा तिसरा आकडा. आधी दुकानातून एक नवी, चांगली फळी आणून तिच्यावर करून बघितलं. कर्णा उभा, कर्णा आडवा, दोन्ही रेघा जुळल्या. उभा, आडवा, उभा, आडवा, सातही थर जिथल्या तिथं. मग होडीची फळी घेतली. चांगल्या फळीचे आकडे तिला जुळेनात. एकेक थर फिरवून बघायला लागले. पहिला फिरवला, नाही. तिसरा, नाही. चौथा, पाचवा, नाही. पाण्याच्या बाजूनं दुसरा फिरवला आणि दोन्ही रेघा एकदम बसल्या. फट नाही, काही नाही. आडवा असायला हवा तो दुसरा पापुद्रा उभा पडला होता. म्हणजे पाण्याच्या बाजूचे पहिले तीनही पापुद्रे एकाच दिशेचे, आणि फळी त्याच दिशेनं फाटली होती, वर्तमानपत्राच्या पानासारखी.

फूटपट्टीनं टाइप केलेला पहिला अहवाल टेबलावर पडला होता. नीटनेटका, रेघ रेघेवर. तो गेला असता तर कोणी हटकलं नसतं. सासूबाईंना मी सांगितलं असतं की बघितलं, गोंदच होता. हा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला दहा मिनिटं तिथं बसून राहिला. मग वाटलं, त्या विचारतील. त्या नक्की विचारतील की कर्णा वळवलास का, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. धैर्य वगैरे काही नाही, मी त्यांना घाबरते. मी जुना अहवाल फाडला. लक्षात आलं की तो वरून खाली फाडला तर सरळ फाटतो.

साहेबांनी दोन्ही रेघा बघितल्या आणि म्हणाले, "त्या ऑर्डरच्या सगळ्या फळ्या शोधाव्या लागतील. किती होत्या, कुठं गेल्या, कारखान्याचे कागद तर कधीच गेले. तुमच्या सासूबाईंना आठवेल का?"

"विचारते," मी म्हणाले. म्हणजे आता सांगणं टळणार नव्हतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी माझा चेहरा वाचला.

"थर फिरलाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"कितवा?"

"पाण्याच्या बाजूनं दुसरा. पण टेबलावर ती बाजू वर होती की खाली, ते नाही सांगता येत. म्हणजे तुमच्या हिशेबानं दुसरा नाहीतर सहावा." आणि मग जे मी बसमध्ये सबंध रस्ता घोळवत आले होते ते एका दमात बोलून टाकलं. "आई, दोन्हीकडून तो ओल्या हाताचाच येतो. तुमचा नाही. तुमचा हात चुकला नाही."

मला वाटलं होतं की त्या निदान श्वास तरी सोडतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत राहिल्या.

"त्याच्यावरचा कोणी ठेवला?" त्या म्हणाल्या.

"कशावरचा?"

"दुसऱ्यावर तिसरा येतो. सहाव्यावर सातवा. तो कोणी ठेवला?" त्यांचा आवाज चढला नाही. "ओल्या हाताला दिसत नाही गं. गोंदाची वाफ डोळ्यात जाते, बोटं चिकटतात, टाकला की पुढचा घ्यायचा. बघायचं काम कोरड्या हाताचं. आपला पापुद्रा ठेवायच्या आधी खालचा बघायचा. धागा आडवा आहे ना, बघायचं, मगच झाकायचं. तिनं चुकीचा ठेवला असेल. पण मी तो न बघता झाकला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी ठेवू दिला, हेच पुष्कळ होतं. मग एकदम उठल्या. "चल. समोरचीला पेपरात वाचून कळायला नको. तिलाही झोप नाही आठ दिवस."

समोरच्या मावशींचं घर दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. आम्ही बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं, इतक्या त्या खिडकीशी होत्या. ठेंगणी बाई, हाताच्या बोटांवर अजून गोंदाचे जुने पांढरट डाग. त्यांनी मला बसही म्हटलं नाही. सासूबाईंकडे बघत विचारलं, "माझा की तुझा?"

"ठेवलास तू," सासूबाई म्हणाल्या. "झाकला मी."

मावशी खाली बसल्या. "म्हणजे तू बघितलंच नाहीस?"

"नाही बघितलं."

"तेवीस वर्षं माझ्यावर ओरडलीस. नीट ठेव, नीट ठेव. आणि स्वतः बघितलं नाहीस?"

सासूबाईंचे डोळे भरले होते. मी वही काढली आणि कामाचं विचारलं. त्या ऑर्डरीत चौरस फळ्या किती होत्या? बाकीच्या होड्यांतून त्या शोधायच्या होत्या.

"चाळीस," सासूबाईंनी नाक पुसत सांगितलं. "एकाच पाळीत केल्या. दुपारपर्यंत."

"बेचाळीस," मावशी म्हणाल्या.

"चाळीस. मी मोजल्या होत्या."

"तू चाळीस मोजल्यास आणि तुला शाळेतून बोलावणं आलं. तुझ्या मुलाचं डोकं फुटलं होतं, पडून. तू तशीच पळालीस. दोन राहिल्या होत्या. त्या मी एकटीनं लावल्या, ओला हात पण माझा आणि कोरडा पण माझाच. त्या दोनांवर बघायला कोणी नव्हतं." त्या माझ्याकडे वळल्या. "ही त्या दोनांतलीच आहे. लिही. हिनं काही झाकलं नाही."

"एकटीनं लावायची परवानगीच नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

"नव्हतीच. म्हणून तर सांगितलं नाही कोणाला."

"खोटं बोलतेस. माझ्यासाठी बोलतेस."

"का बोलू? आधी ओरडायचीस ती ओरडायचीस, आता खोटारडी पण म्हणतेस?"

"मुलाचं डोकं फुटलं तो दिवस वेगळा होता."

"तोच होता."

"वेगळा होता गं! तेव्हा आपल्याकडं लांबट फळ्या होत्या."

"चौरस होत्या. माझ्या डोळ्यांपुढं आहेत."

दोघी उठून उभ्या राहिल्या होत्या, मध्ये जेवणाचं छोटं टेबल, एक अलीकडे आणि एक पलीकडे. मावशींचा हात टेबलावरून पुढं आला आणि त्यांनी सासूबाईंचं मनगट घट्ट धरलं. मग दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

"हिला विचार," मावशी म्हणाल्या. "हिचं यंत्र सगळं सांगतं ना? मग सांगू दे. त्याच्यावरचा पापुद्रा कोणाच्या हातचा आहे?"

मी वही मिटली. त्या दोघी वाट बघत होत्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित तोकडं असल्याचं बरं वाटत होतं.

"ते नाही कळत," मी म्हणाले.